चेक इंजिनचा दिवा लागलाय? सेन्सर बदलण्याआधी मोबाईलवर हे आकडे बघा

मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा बाबांच्या २०१४ च्या पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला होता. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून पी०१७१ हा कोड काढला आणि सांगितलं, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, साडेपाच हजार होतील." बाबा द्यायला तयारही झाले होते. मी म्हटलं, बाबा, एक दिवस थांबा.

कारण पी०१७१ चा अर्थ 'सेन्सर खराब' असा नाहीच. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढंच तो सांगतो. ताप दाखवला म्हणून थर्मामीटर बदलण्यात काय अर्थ आहे?

माझ्याकडे ईएलएम३२७ चा ब्लूटूथ डोंगल होता. स्टिअरिंगखाली डॅशबोर्डला १६ पिनांचं ओबीडी पोर्ट असतं, त्यात तो लावायचा आणि मोबाईलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप उघडायचं. (आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल चालत नाही, वायफायचा किंवा बीएलईचा घ्या.)

आता आकडे. साधं पेट्रोल पूर्ण जळायला १ ग्रॅमला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. धुरात ऑक्सिजन किती उरला हे सायलेन्सरच्या पाइपातला पहिला सेन्सर बघतो. ऑक्सिजन जास्त उरला तर व्होल्टेज ०.१ च्या आसपास, पेट्रोल जास्त झालं तर ०.९ कडे. इंजिन गरम झाल्यावर हा आकडा सारखा वर-खाली नाचला पाहिजे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पुढचा दुसरा सेन्सर मात्र बऱ्यापैकी स्थिर असावा. तोही पहिल्यासारखाच नाचायला लागला तर कन्व्हर्टरवर संशय घ्या.

हे बघून ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, तो आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला बदलतो, लाँग टर्म म्हणजे ईसीयूला लागलेली सवय. दोन्हींची बेरीज बघायची. बेरीज १० टक्क्यांच्या आत, मग ती अधिक असो वा उणे, तर सहसा काळजी नाही.

आमच्या गाडीत आयडलला लाँग टर्म +१९, शॉर्ट टर्म +८. म्हणजे २७ टक्के जास्त पेट्रोल! पण २५०० आरपीएमवर बेरीज +७ वर आली. खरी गंमत इथेच आहे. इंजिनात कुठूनतरी चोरटी हवा शिरत असेल तर आयडलला, म्हणजे एकूण हवाच कमी असताना, तिचा वाटा मोठा असतो. आरपीएम वाढला की तीच गळती किरकोळ ठरते. याउलट फ्युएल पंप किंवा फिल्टरचा प्रॉब्लेम असता, तर जोर लावल्यावर ट्रिम वाढला असता. (आमच्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांत एमएपी असतो, तिथे गळती इतकी स्पष्ट दिसत नाही.)

मग सेन्सर तपासला. एकदम रेस दिली, व्होल्टेज ०.८५. पाय काढला, ०.१. सेन्सर ठणठणीत!

एक चूक मी आधी केली होती. ॲपमध्ये वीसेक आकडे एकदम लावले, त्यामुळे सेन्सरचा ग्राफ जवळजवळ सपाट दिसला. स्वस्त डोंगल हळू चालतात, एका वेळी तीन-चारच आकडे निवडा.

पुढचं काम आईने केलं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, ती सीटवर मोबाईल घेऊन आकडे वाचतेय आणि मी बॉनेट उघडून एकेक रबरी पाइप पकडीने दाबतोय (फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवा). पीसीव्हीचा पाइप दाबला आणि आई ओरडली, "अरे, उणे अकरा झालं!" पाइप खालच्या बाजूने चिरला होता, वरून दिसतच नव्हता. नवीन पाइप १८० रुपयांना मिळाला.

आठवडाभराने लाँग टर्म +६ वर आलाय. शून्य का नाही? माझा अंदाज, ई२० पेट्रोल. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई२० ला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ पट हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं, आणि जुन्या गाडीचा ईसीयू ते ट्रिममधून भरून काढतो. म्हणून ई२० भरल्यावर +५-६ दिसलं तर लगेच गॅरेज गाठू नका.

आणखी एक. ॲपमध्ये कोड पुसायचं बटण असतं, ते आधी दाबू नका. बऱ्याच गाड्यांत त्याबरोबर शिकलेले ट्रिमही पुसले जातात. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. काम झालं की डोंगल काढून ठेवा, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर तो बॅटरी उतरवतो. आमचा सध्या शेजारच्या काकांकडे आहे, पण त्यांची गाडी डिझेल आहे, तिथे यातले ट्रिम दिसणार नाहीत हे त्यांना अजून सांगायचंय.