एका पगारावर चालणारं घर



दुबई-शारजातल्या आपल्या कितीतरी मराठी घरांत कमावणारं माणूस एकच असतं. दुसरं, बहुतेक वेळा आई, मुलं लहान म्हणून घरी असतं. पाळणाघराचा खर्च आणि सुरुवातीला मिळू शकणारा पगार यांची वजाबाकी केली की हातात फारसं काही उरत नाही, म्हणून हा निर्णय विचार करूनच घेतलेला असतो. पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ही बॅकअप नसलेली सिस्टिम आहे. पगार थांबला तर?

"सरकार काहीतरी देत असेलच की!" असं भारतातले नातेवाईक सहज म्हणतात. इथल्या सरकारची मदत आहे आणि ती मोठीही आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीची योजना २०२२ मध्ये २८ अब्ज दिरहमपर्यंत वाढवली गेली. पण ती अमिराती नागरिकांसाठी. आपण इथे कामासाठी आलेलो आहोत, तेव्हा यात तक्रार करण्यासारखं काही नाही. हिशोब मात्र प्रत्येकाला माहीत हवा.

मग आपल्या हातात काय असतं? एक म्हणजे २०२३ पासून सक्तीचा झालेला बेरोजगारी विमा. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला फक्त ५ दिरहम हप्ता. नोकरी गेली तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम, एका वेळी जास्तीत जास्त ३ महिने. अट अशी की सलग १२ महिने हप्ते भरलेले हवेत, अर्ज ३० दिवसांत करायला हवा आणि राजीनामा स्वतः दिलेला नसावा. दुसरी ग्रॅच्युइटी : पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार.

आता आकडे मांडून बघू. मूळ पगार ५,००० आणि नोकरी ४ वर्षांची. विम्याचे ३ महिन्यांचे ९,००० आणि ग्रॅच्युइटीचे १४,०००. एकूण २३,००० दिरहम. घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच देऊन ठेवलेले, शाळेची टर्म फी तोंडावर आलेली. किती दिवस पुरणार?

घरी असलेल्या आईच्या नावावर यातलं काहीच नसतं. विमा नोकरदाराचा, ग्रॅच्युइटीही त्याचीच, आणि तिचा व्हिसासुद्धा नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून. पतीचं निधन झालं किंवा घटस्फोट झाला, तर २०१८ पासून तिला व मुलांना एक वर्षाची मुदतवाढ मिळू शकते. राहायची परवानगी मिळते. घरखर्चाचं काय, हा प्रश्न उरतोच.

आपल्या वकिलातीकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अगदी अडचणीतल्या माणसाला तात्पुरता निवारा, तातडीचे उपचार, परतीचं तिकीट, पार्थिव मायदेशी नेणं यासाठी त्याचा मोठा आधार होतो. पण तो संकटकाळासाठी आहे, दरमहा घर चालवण्यासाठी नाही. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना आहे, २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' आली; त्यांचा आधार तिथे राहणाऱ्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या बायकांना.

म्हणजे नोकरी गेल्यापासून नवी मिळेपर्यंत, किंवा सामान बांधून परत जाईपर्यंतचे जे तीन-चार महिने असतात, तिथे कुठलीच योजना पुरी पडत नाही. मुलाचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून शाळेची एक टर्म फी, आईच्या औषधांचं बिल, एखादा भाड्याचा चेक, एवढ्यावर सगळं अडलेलं असतं. या कार्यक्रमाचा निधी त्यासाठीच आहे.

एक विनंती. देणगी परवानाधारक संस्थेमार्फतच द्या. २०२१ च्या कायद्यानुसार इथे कुणालाही आपल्या मनाने वर्गणी गोळा करता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर खातं क्रमांक फिरवणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं.

आणि आज घरी गेल्यावर दोन गोष्टी जरूर करा : विम्याचा हप्ता चालू आहे ना ते बघा, आणि त्याची कागदपत्रं कुठे ठेवली आहेत ते घरच्यांनाही दाखवून ठेवा.