डायनोवरचा हॉर्सपॉवरचा आकडा कसा वाचायचा?

रील तुम्हीही पाहिली असेल. पट्ट्यांनी बांधलेली टोयोटा सुप्रा रोलरवर गर्जते आणि स्क्रीनवर झळकतं, 1000 एचपी! 1993 मध्ये अमेरिकेत ही टर्बो गाडी आली तेव्हा कंपनीचा आकडा होता 320. मोठा टर्बो, वेगळं इंधन आणि नवं ट्युनिंग असेल तर 1000 निघू शकतात. पण तो आकडा नेमका कसला, हे आधी बघायला हवं.

कुठे मोजला?
कंपनी इंजिनच्या क्रँकशाफ्टवरची पॉवर सांगते. 2015 मॉडेलच्या सुपरचार्ज्ड डॉज चॅलेंजर हेलकॅटचे 707 एचपी असेच. डायनो मात्र चाकांवर मोजतो आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर यांत काही पॉवर खर्च झालेली असते. मग बरेच जण सरसकट 15 टक्के तूट धरतात. चाकांवर 600 आले? भागिले 0.85, झाले 706! ती तूट मात्र कोणी मोजलेली नसते.

कोणत्या मशीनवर?
डायनोजेटच्या साध्या मशीनमध्ये चाकं एक जड ड्रम फिरवतात. तो किती झपाट्याने वेग घेतो, यावरून पॉवर काढतात. मस्टँग डायनो ड्रमवर ब्रेकसारखा लोडही टाकतो. म्हणून एकाच गाडीचे दोन आकडे येतात, आणि सहसा डायनोजेटचा मोठा असतो.

करेक्शन कोणतं?
थंड, दाट हवेत इंजिन जास्त पॉवर देतं, म्हणून आकडा ठरावीक हवामानाला जुळवतात. एसएई पद्धतीत 25 अंश तापमान धरतात, जुन्या एसटीडी पद्धतीत साधारण 15.5. नुसतं एसटीडी निवडलं की आकडा सुमारे 4 टक्के फुगतो. म्हणजे 1000 वर 40 एचपी, एकही बोल्ट न फिरवता!

टर्बोत आणखी एक गडबड होते. अमेरिकेतलं डेन्व्हर सुमारे 1600 मीटर उंचीवर आहे, तिथली हवा विरळ. साधं इंजिन तिथे ढेपाळतं, म्हणून करेक्शन बरीच भर घालतं. टर्बो मात्र जास्त वेगाने फिरून तूट बरीचशी स्वतःच भरून काढतो. वर पूर्ण करेक्शन लावलं, तर भर दोनदा पडते.

कितवा रन, कोणतं इंधन?
सुपरचार्जर हवा दाबताना ती तापवतो. सलग रन घेतले की सगळंच गरम होतं आणि पॉवर घसरते. यालाच हीट सोक म्हणतात. पण मिरवायला एक थंड रन पुरतो.

खरा धोका पुढे आहे. आकड्यासाठी बूस्ट वाढवला, टायमिंग ॲडव्हान्स केलं आणि रेस फ्युएलवर बसवलेला मॅप साध्या पेट्रोलवर चालवला, तर इंजिन नॉक होतं. पिस्टन फुटायला फार वेळ लागत नाही.

म्हणून ट्युनिंगचे पैसे देण्याआधी दोन ग्राफ मागा, कामाआधीचा आणि नंतरचा. डायनो तोच, करेक्शन तेच आणि इंधन तुम्ही रोज भरता ते. दोन रेषांमधलं अंतर हीच तुमची खरी कमाई.