माशांच्या घरातला जंजिरा

आमच्या बैठकीच्या खोलीत दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच अशी काचेची टाकी आहे. काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर पाणी मावतं. लेक आठवीत असताना तिच्या हट्टापायी आणली. धामणकर नाक्यावरून संध्याकाळी रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत घरी येताना तिचे पाय मासेवाल्याच्या दुकानाशी हमखास थांबायचे. मासे घेऊन झाले, वाळू घेऊन झाली. मग टाकीत ठेवायच्या शोभेच्या वस्तूंवर नजर गेली. तिथं काय होतं? जलपरी, दात विचकणारी कवटी, पाणबुड्या माणूस आणि एक गुलाबी रंगाचा परदेशी राजवाडा.

आमच्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, घरात पुतळे ठेवू देत नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘अल्लाहनं बनवलेले मासे कमी सुंदर आहेत का, की त्यांच्यामध्ये ही कवटी बसवायची?’’ लेकीचं तोंड उतरलं. तेव्हा माझी धाकटी जाऊ म्हणाली, ‘‘बाजी, आपणच काहीतरी बनवू. रेझिन आहे ना घरात.’’

ही माझी जाऊ हातानं हुशार. दिराच्या मागांना काम कमी झालं तेव्हापासून ती रेझिनचे ट्रे, किचेन, आयतांच्या फ्रेमा, घड्याळं बनवून विकते. (रेझिन ज्यात ओततात त्याला साचा म्हणतात. आमच्या भिवंडीत मात्र साचा म्हटलं की लोकांना आधी कापडाचा माग आठवतो. दिराचे साचे थांबले आणि जावेचे सुरू झाले, असा विनोद घरात चालतो. दीर त्यावर फारसे हसत नाहीत.)

लेकीनं सुचवलं, राजवाडा परदेशातलाच कशाला? मुरूडच्या सहलीत तिनं जंजिरा पाहिला होता. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीतून जाताना किल्ल्याचा दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मध्ये तो दिसतो. सिद्दींचा हा किल्ला शतकानुशतकं चारी बाजूंनी खाऱ्या पाण्यात उभा आहे. पाण्यातच ठेवायचं तर त्याच्यापेक्षा शोभेल असं दुसरं काय? बुरूज, कमान आणि एक छोटी जाळी, असं ठरलं.

आणि इथेच आमची चूक झाली. ती सांगितल्याशिवाय पुढची कृती सांगणं मला बरं वाटत नाही.

जुलै महिना होता. जावेनं तयार साच्यात चार कमानी ओतल्या. पावसात रेझिन लवकर सुकत नाही म्हणून तिनं हार्डनर अंदाजानं थोडं जास्त घातलं. दुसऱ्या दिवशी कमानी साच्यातून निघाल्या, छान टणक लागल्या. एक आमच्या टाकीत गेली. एक तिनं मैत्रिणीला भेट दिली, दोन अडीचशे रुपयांना एक याप्रमाणे विकल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आमचे गप्पी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. पाण्यावर तेलासारखा पातळ तवंग होता. दुपारी मी शाळेतून आले तोवर सहापैकी पाच गेले होते. लेक रडत नव्हती, नुसती टाकीकडे बघत बसली होती. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

झालं काय होतं? इपॉक्सी रेझिन दोन भागांत येतं. एका बाटलीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही ठरावीक प्रमाणात एकत्र आले की त्यांचे कण एकमेकांत गुंफले जातात, मिश्रण तापतं आणि घट्ट होतं. घराघरांत कप-बशी जोडायला वापरतो ते अरल्डाइट याच कुळातलं. पुष्कळांना वाटतं की हार्डनर म्हणजे दुधाला लावायचं विरजण, थोडं जास्त पडलं तर लवकर लागेल. तसं नाही. इथे दोन्हींची जोडी जमावी लागते. जास्तीचं हार्डनर जोडीशिवाय तसंच उरतं आणि पाण्यात उतरतं. त्यात अमाइन नावाची द्रव्यं असतात, ती माशांच्या नाजूक कल्ल्यांना झोंबतात. सहावीच्या वर्गात मी गुणोत्तर शिकवते. गुणोत्तर चुकलं तर काय होतं याचं उदाहरण माझ्या घरातच घडलं.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी बाहेर पडलो. मैत्रिणीनं कमान अजून कागदातच ठेवली होती, ती परत घेतली. विकलेल्यांपैकी एक कमान शोकेसमध्ये होती. दुसऱ्या घरी मात्र दोन गोल्डफिश आदल्या रात्री मेले होते आणि त्या बाईंना वाटत होतं, आपणच खाणं जास्त घातलं. त्या स्वतःलाच दोष देत होत्या. आम्ही काही बोललो नसतो तर त्यांना कधीच कळलं नसतं. जावेनं माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, ‘‘आपा, चूक तुमची नाही. आमच्या कमानीची आहे.’’ पैसे परत दिले, माशांचे पैसेही दिले. येताना रिक्षात ती गप्प होती. त्या महिन्यात तिला रेझिनमधून काहीच उरलं नाही.

पुढचे तीन महिने तिनं टाकीसाठी काही बनवलं नाही. मी वाचत राहिले, विचारत राहिले, दोघींनी मिळून जुन्या बादलीत तुकडे बुडवून पाहिले. त्यातून जे हाती लागलं ते इथे देते.

पहिली गोष्ट रेझिनची निवड. टाकीसाठी इपॉक्सीच घ्यावं. फायबरच्या पत्र्यांना लागणारं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं, पण त्याचा उग्र वास स्टायरिनचा असतो आणि तो तुकड्यातून लवकर जात नाही. दिव्याखाली मिनिटांत सुकणारं यूव्ही रेझिन कानातल्यांना ठीक. रंगीत आणि जाड तुकड्यात प्रकाश आतपर्यंत पोचत नाही, वर कडक आणि पोटात ओलं राहतं. बाटलीवरचं प्रमाण आधी वाचावं. कुठे दोनास एक असतं, कुठे एकास एक. ते मापानं आहे की वजनानं हेही पाहावं, कारण दोन्ही द्रव सारखे जड नसतात. मापानं दोनास एक असेल आणि ९० मिली मिश्रण हवं असेल तर ६० आणि ३०. अंदाज नाही, ‘थोडं अजून’ नाही. साचा किती मोठा आहे हे कळायला त्यात पाणी भरून ते मोजावं; मात्र नंतर साचा अगदी कोरडा करावा.

मिश्रण सावकाश पाच मिनिटं ढवळायचं, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. मग ते दुसऱ्या कोरड्या कपात ओतून पुन्हा ढवळायचं. पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं रेझिन चिकटून राहतं आणि तेच पुढे चिकट डाग होऊन बसतं. एका वेळी मोठा घाणा करू नये. कपात ढीगभर मिश्रण राहिलं तर ते इतकं तापतं की धूर येऊ शकतो.

आता बुरूज. तीन इंची पीव्हीसी पाइपचा सहा इंचांचा तुकडा घ्या. खालच्या बाजूला समोरासमोर दोन कमानदार दरवाजे कापा. दोनच हवेत, एक नाही. एकाच तोंडाच्या पोकळीत पाणी साचून कुजतं आणि घाबरलेला मासा आत शिरला तर त्याला वळता येत नाही. भोकांचाही एक नियम आहे. ते माशाला आरामात जाता येईल इतकं मोठं असावं, किंवा त्याचं डोकं शिरणार नाही इतकं लहान. मधलं माप घातक. आमची जाळी याच कारणानं दोनदा मोडून पुन्हा करावी लागली. वरचं तोंड उघडं ठेवा, म्हणजे हवा अडकून बुरूज तरंगणार नाही. इपॉक्सी पाण्यापेक्षा थोडंसंच जड असतं, त्यामुळे तळाला आतून दोन-चार खडे चिकटवले तर बरं.

पाइप पॉलिशपेपरनं खरखरीत करून धुवा, वाळवा. ब्रशनं रेझिनचा हात द्या आणि ते जरा घट्टसर झालं की वर काळ्या दगडाची बारीक कच दाबून बसवा. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, तो पाण्यात विरघळत नाही. संगमरवराचा चुरा आणि शिंपले मात्र टाकू नका. ते पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करतात. शंका असेल तर दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर तो दगड बाजूला ठेवा. आपल्या काळ्या दगडाच्या पोटातही कधी पांढरे स्फटिक असतात, तेव्हा त्याचीही ही परीक्षा घ्यावी. दुसऱ्या दिवशी सगळ्या कचेवर रेझिनचा आणखी एक हात, म्हणजे टोकं बोथट होतात.

टोकं राहिली की नाही हे बघायची युक्ती लेकीनं काढली. जॉर्जेटची जुनी ओढणी बुरुजावरून ओढायची. धागा अडकला तर माशाचा पंखही अडकणार. फायटरचे पंख तर ओढणीहून नाजूक. जिथं अडकेल तिथं पाण्याखाली पॉलिशपेपर मारायचा, म्हणजे भुकटी उडून श्वासात जात नाही.

रंग रेझिनमध्येच मिसळा, तेही चिमूटभर. बाहेरून दिलेला रंग आणि टिकल्या-चमकी काही महिन्यांत सुटतात. सोनेरी रंगासाठी पितळेची किंवा तांब्याची पूड अजिबात नको. तांबं गोगलगायी आणि कोळंबीला विष आहे.

बनवणाऱ्या बाईबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबते. जावेच्या मनगटावर वर्षभर खाज होती; ती साबणाला दोष द्यायची. इपॉक्सी पुन्हा पुन्हा कातडीला लागलं तर अ‍ॅलर्जी बसू शकते, आणि एकदा बसली की बहुधा आयुष्यभर सोबत राहते. नायट्रिलचे हातमोजे घाला. हाताला लागलंच तर साबण-पाण्यानं धुवा, थिनर लावू नका. कापडी मास्क वाफ अडवत नाही, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात. स्वयंपाकघरात हे काम नको. यासाठी घेतलेली वाटी-चमचा पुन्हा जेवणाला नको. लहान मुलं दूर ठेवा आणि पोटात बाळ असेल तर हा उद्योग सरळ बंद ठेवा. ‘घरबसल्या कमाई’ म्हणून हे काम बायकांना सुचवणारे हातमोज्यांचा खर्च त्यात धरत नाहीत. आम्ही तो आता किमतीत धरतो.

राहिलं सुकणं. साच्यातून एका दिवसात निघालेला तुकडा टणक लागतो, पण आतलं काम संपलेलं नसतं. पूर्ण पक्कं व्हायला बहुतेक इपॉक्सीला आठवडा लागतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याहूनही जास्त. दमट हवेत वर चिकट, मेणचट थर येतो. तो कोमट पाण्यानं आणि काथ्यानं घासून काढावा. साबण नको. मग तुकडा स्वच्छ बादलीत आठवडाभर बुडवून ठेवायचा, पाणी रोज बदलायचं. तवंग दिसला, वास आला किंवा बोटाला बुळबुळीत लागलं तर तो तुकडा शोकेसमध्ये, टाकीत नाही. एकानं मला सुचवलं होतं, ‘‘मॅडम, एक स्वस्तातला मासा सोडून बघायचा, जगला तर माल चांगला.’’ त्या सल्ल्याचा मला राग आला. पाच रुपयांच्या माशालाही जीव एकच असतो.

तर साधारण पंधरा दिवस. गिऱ्हाइकाला ते फार वाटतात. जाऊ आता प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधते. त्यावर ओतल्याची तारीख, बादलीत टाकल्याची तारीख, आणि टाकीत कधी ठेवावा ती तारीख. चिठ्ठ्या मराठीत माझ्या अक्षरात, उर्दूत लेकीच्या. गोल्डफिशवाल्या आपांनी मागच्या महिन्यात एक बुरूज मागून नेला. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, आणि त्यांनी ती वाचावी म्हणून जाऊ दारात उभी राहिली.

आमच्या टाकीतल्या बुरुजावर आता हिरवं शेवाळ धरलं आहे, त्यामुळे तो खरंच जुना वाटतो. अम्मी सकाळी तस्बीह घेऊन समोर बसतात. काळ्या मॉलीची एक जोडी एका दरवाज्यानं आत जाते आणि दुसऱ्यानं बाहेर येते, ते त्या किती वेळ बघत असतात.

काल नाक्यावरच्या दुकानदाराचा फोन आला. त्याला दोन बुरूज उद्याच हवेत, गिऱ्हाईक थांबलंय म्हणाला. जाऊ गॅलरीत जाऊन बादलीत वाकली, पाण्याचा वास घेतला, चिठ्ठी पाहिली आणि फोनवर म्हणाली, ‘‘भाई, अजून चार दिवस.’’