कोयनेपासून डीपीपर्यंत : सातारा-सांगलीच्या ग्रामीण विजेविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात असलेल्या कोयना धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या जलविद्युत प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, आणि त्याच तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर वळवाच्या पावसात वीज तासन्‌तास नसते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ‘वीज आमच्या उशाशी तयार होते, मग अंधार आमच्याच वाट्याला का’ हा प्रश्न उभा राहतो. त्यामागची वेदना खरी आहे, कारण धरणासाठी जमिनी याच परिसराने दिल्या; परंतु वीजनिर्मितीच्या ठिकाणाजवळ राहणाऱ्याला वीज आधी किंवा अधिक मिळते ही त्यातील समजूत मात्र चुकीची आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला उतरते, मुख्य वीजगृहे पोफळीच्या बाजूला आहेत, आणि तेथे तयार झालेली वीज अतिउच्च दाबाने राज्याच्या पारेषण जाळ्यात मिसळते. एकदा मिसळल्यावर कोयनेची, चंद्रपूरच्या कोळशाची आणि वनकुसवड्याच्या किंवा ढालगावच्या पवनचक्क्यांची वीज वेगळी ओळखता येत नाही. शिवाय कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्याच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातल्यामुळे हा प्रकल्प मुख्यतः राज्याची मागणी शिगेला पोहोचते त्या वेळांसाठी राखून वापरला जातो.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन ६ जून २००५ पासून निर्मितीचे काम महानिर्मिती, अतिउच्च दाबाच्या वहनाचे महापारेषण आणि ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचे महावितरण या कंपन्यांकडे गेले. महावितरणच्या रचनेत सातारा मंडल बारामती परिमंडलात आणि सांगली मंडल कोल्हापूर परिमंडलात येते. उपकेंद्रात ३३ हजार व्होल्टचा दाब ११ हजारांवर उतरवला जातो, तेथून निघणाऱ्या वाहिनीला, म्हणजे फीडरला, गावोगावची रोहित्रे जोडलेली असतात, आणि ज्याला सर्वजण डीपी म्हणतात त्या रोहित्रातून घराला २३० व्होल्ट व शेतपंपाला साधारण ४१५ व्होल्टचा दाब मिळतो. ग्रामीण ग्राहकाच्या वाट्याला येणाऱ्या विजेचा दर्जा कोयनेत नव्हे, तर उपकेंद्रापासून डीपीपर्यंतच्या आणि डीपीपासून विहिरीपर्यंतच्या अखेरच्या काही किलोमीटरांत ठरतो, आणि बहुतेक गैरसमजही तेथेच जन्मतात.

त्यांतील सर्वांत रुजलेला समज असा की डीपी जळते ती निकृष्ट असल्यामुळेच. निकृष्ट दुरुस्तीची उदाहरणे नाकारता येत नाहीत. तथापि भाराचा साधा हिशेब अधिक बोलका आहे. पाच अश्वशक्तीचा पंप चालू असताना सुमारे सहा केव्हीए, म्हणजे किलोव्होल्ट-अँपिअर, इतका भार घेतो, त्यामुळे १०० केव्हीएच्या रोहित्रावर असे सोळाच्या आसपास पंपच निर्धास्त चालू शकतात. मंजूर पाच अश्वशक्तीच्या जागी साडेसातची मोटर बसली, तारेवर चोरून वीज घेणारे दोन-चार आकडे पडले आणि डीपीच्या पेटीतील वितळतारेऐवजी जाड तांब्याची तार गुंडाळली गेली, की रोहित्राला वाचवणारे शेवटचे साधनही नाहीसे होते. त्यात ऑटो स्विचची भर पडते. लाईट येताच मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून बसवलेले हे साधन एका शेतकऱ्याची रात्रीची खेप वाचवते, पण मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढत असल्यामुळे, सगळ्यांचे ऑटो स्विच एकाच क्षणी लागले की रोहित्रावर क्षणभर पूर्ण क्षमतेच्या कितीतरी पट भार येतो, दाब कोसळतो, मोटरी वेग घेऊ न शकता गुरगुरत राहतात आणि तापतात. वीज ही एका शेताची बाब नसते, ती त्या रोहित्रावरील सर्वांची असते, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

कपॅसिटरबद्दलही असाच अपसमज आहे. त्याने वीजबिल वाढते, किंवा बिल अश्वशक्तीवर येत असल्यामुळे त्याचा काहीच उपयोग नाही, असे मानून तो काढून ठेवला जातो. वस्तुतः मोटरला फिरण्यासाठी चुंबकीय क्षेत्र लागते आणि त्यासाठीचा प्रवाह प्रत्यक्ष काम न करता तारांतून फक्त ये-जा करतो; कपॅसिटर ही गरज विहिरीवरच भागवतो. पाच अश्वशक्तीच्या मोटरीला दोन केव्हीएआर, म्हणजे किलोव्होल्ट-अँपिअर रिॲक्टिव्ह, क्षमतेचा कपॅसिटर जोडला तर सुमारे ८.६ अँपिअरचा प्रवाह ७.१ अँपिअरच्या आसपास येतो, आणि तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्या पंपापुरता वहनातील नाश जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेमुळे एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल राज्य शासन भरत असले तरी कपॅसिटरचा हा लाभ कायम राहतो, कारण तो बिलाचा नसून दाबाचा आहे. वाहिनीच्या टोकावरच्या विहिरीला पुरेसा दाब मिळणे न मिळणे शेजाऱ्यांच्या कपॅसिटरवरही अवलंबून असते.

यंत्रणेतील सुधारणांकडे पाहताना ‘खांब आणि तारा वाढवल्या म्हणजे काम झाले’ असे समजले जाते, परंतु गेल्या दोन दशकांतील महत्त्वाचे बदल रचनेचे आहेत. गावठाणाची आणि शेतीची वाहिनी वेगळी केल्यामुळे शेतीचा पुरवठा बंद असतानाही घरे, शाळा व पाणीयोजना चालू ठेवता येतात. २०१८ पासून राबवलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीत ११ हजार व्होल्टची तार थेट विहिरींच्या जवळ नेऊन एक-दोन शेतकऱ्यांपुरते छोटे रोहित्र बसवले जाते. तेवढीच वीज ४१५ ऐवजी ११ हजार व्होल्टने वाहताना प्रवाह सुमारे सव्वीसपटींनी कमी होत असल्यामुळे नाश घटतो, आकडा टाकण्यास लघुदाबाची उघडी तारच उरत नाही, आणि एक रोहित्र बिघडले तरी पंधरा-वीस विहिरी एकदम बंद पडत नाहीत. नादुरुस्त डीपी बदलण्यासाठी गावाने वर्गणी काढावी आणि ट्रॅक्टर लावून ती आणावी, ही तर रीतच असल्यासारखे मानले जाते. प्रत्यक्षात महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या कृतिमानकांनुसार ग्रामीण भागात ती ४८ तासांत बदलून देण्याची जबाबदारी वितरण कंपनीची आहे. हा ग्राहकाचा हक्क आहे आणि तो मागितलाच पाहिजे.

शेतीला रात्री वीज देणे हा निव्वळ दुजाभाव आहे, हाही एक समज. दिवसा उद्योग, कार्यालये आणि शेती यांची मागणी एकत्र आल्यास उपलब्ध वीज व वाहिन्यांची क्षमता दोन्ही अपुऱ्या पडत, म्हणून शेतीवाहिन्यांना आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असे चक्राकार पद्धतीने तीन फेज दिले जाऊ लागले. कारण तांत्रिक असले तरी त्याची किंमत शेतकऱ्याने साप, बिबट्या आणि अंधारात ओल्या हातांनी हाताळलेला स्टार्टर यांच्या रूपाने मोजली आहे. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ पासूनचा तिचा दुसरा टप्पा यांचे खरे महत्त्व म्हणूनच सुरक्षेचे आहे. या योजनेत उपकेंद्राजवळ सौरप्रकल्प उभारून शेतीवाहिन्यांना दिवसा वीज दिली जाते. ‘ढग आले की पंप बंद’ ही शंका तिला लागू पडत नाही, कारण ही वाहिनी मूळ जाळ्याला जोडलेलीच राहते. पूर्णपणे उन्हावर अवलंबून असतो तो स्वतंत्र सौर कृषी पंप. घरांच्या छतावरील पटलांबाबत समज नेमका उलटा आहे: ती बसवली की बाहेरची वीज गेली तरी घरात उजेड राहील, असे मानले जाते. २०२४ मध्ये पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम ठरल्यानंतर अशा पटलांची चौकशी वाढली, पण जाळ्याला जोडलेले छतावरील सौरसंच बॅटरी नसल्यास बाहेरची वीज जाताच आपोआप बंद होतात. हा दोष नसून लाइनमनच्या जिवासाठी केलेली तजवीज आहे.

ज्या घरात वीज गेल्यावर जनरेटर थेट घराच्या वायरिंगला जोडला जातो, तेथे ही तजवीज नसते. मुख्य स्विच बंद केला नसेल तर त्या घरातील २३० व्होल्ट उलट दिशेने डीपीत शिरतात आणि तेच रोहित्र त्यांचे ११ हजार व्होल्ट करून बंद समजल्या गेलेल्या तारेत सोडते. खांबावर काम करणाऱ्याचा मृत्यू अशा वेळी उपकेंद्रातून नव्हे, तर चार घरांपलीकडून येतो. गावोगावी ‘झिरो वायरमन’ म्हणून ओळखली जाणारी, कंपनीच्या नोकरीत नसलेली आणि अंगावर सुरक्षेचे काहीही साधन नसलेली तरुण मुले फ्यूज टाकायला चढतात ती याच भ्रमापोटी, की डीपीचा स्विच पाडला म्हणजे तार मेली. अधिकृत पद्धतीत उपकेंद्राकडून वाहिनी बंद केल्याचे परमिट घेणे, तार मृत असल्याची चाचणी करणे आणि कामाच्या दोन्ही बाजूंना ती जमिनीशी जोडणे या तिन्ही पायऱ्या असतात, आणि त्यांतील एकही गाळण्याजोगी नाही. आपल्या गावच्या पोराला ‘तू चढ, लगेच लाईट येईल’ असे सांगणारा प्रत्येक जण त्या जोखमीचा वाटेकरी असतो.

तार तुटून पडली म्हणजे वीज आपोआप बंद झालीच असेल, ही समजूत सर्वांत घातक आहे. उपकेंद्रातील संरक्षक यंत्रणा जमिनीत जाणाऱ्या प्रवाहावरून बिघाड ओळखते. माण, खटाव किंवा जतसारख्या कोरड्या, खडकाळ रानात पडलेल्या तारेतून जमिनीत इतका कमी प्रवाह जाऊ शकतो की यंत्रणेला तो बिघाड वाटतच नाही आणि तार जिवंत राहते. शिवाय तुटलेल्या तारेची पुढची, म्हणजे विहिरीकडची बाजूही मृत नसते, कारण उरलेल्या फेजमधील वीज पुढच्या रोहित्रांच्या व मोटरींच्या वेटोळ्यांतून फिरून तिच्यात परतू शकते. तारेभोवतीच्या जमिनीतही दाब पसरलेला असतो आणि दोन पावलांमधील अंतरात तो वेगवेगळा असल्यामुळे प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. जनावरांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त आणि हृदय त्या वाटेत, म्हणून माणूस वाचतो तेथे बैल किंवा म्हैस दगावते. अशा जनावराला सोडवायला धावणे म्हणजे दुसरा बळी देणे होय. तार पाचेक पावलांवर आढळली तर पाय न उचलता, घासत घासत मागे सरकावे. कोरडा बांबू आणि रबरी चप्पल यांचा भरवसा ११ हजार व्होल्टसमोर धरता येत नाही.

फ्यूज माणसाला वाचवतो, असेही सर्रास मानले जाते. फ्यूज तारेला वाचवतो: तो कित्येक अँपिअरला वितळतो, तर छातीतून गेलेला एका अँपिअरचा विसावा हिस्साही प्राणघातक ठरू शकतो. माणसासाठी असते ते ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर पुरवठा तोडणारे उपकरण, आरसीसीबी, आणि त्याच्या जोडीला नीट केलेले अर्थिंग.

शिराळा, पाटण आणि जावळीच्या डोंगराळ भागात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात, रानडुकरे आणि गवे पिकात शिरतात म्हणून कुंपणाच्या तारेत थेट घरातील वीज सोडली जाते, आणि ‘झटका मशीनही तेच करते’ असे समर्थन दिले जाते. प्रमाणित झटका यंत्र सेकंदाला साधारण एकदा, सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी वेळ, मर्यादित ऊर्जेचा स्पंद सोडते. थेट जोडलेली वीज अखंड वाहते, स्नायू आखडून हात तारेला धरून राहतो, आणि सकाळी त्या तारेला बहुधा शेजारचा शेतकरी किंवा घरचाच माणूस लागलेला असतो. हा सदोष मनुष्यवधाचा गुन्हा ठरू शकतो.

उसाच्या फडांना लागणाऱ्या आगींचा दोष वाऱ्यावर टाकला जातो. झोळ पडलेल्या दोन तारा वाऱ्याने एकमेकींना टेकतात आणि वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या ठिणग्या वाळल्या पाचटावर पडतात हे खरे, परंतु झोळ पडण्याचे कारण अनेकदा नांगरटीत हललेला खांब किंवा अडथळा म्हणून काढून टाकलेला ताण, म्हणजे खांबाला जमिनीशी बांधून ठेवणारी तार, हे असते. तारा ओढून घेणे आणि त्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये स्पेसर बसवणे हे कंपनीचे काम आहे. ताणाला हात न लावणे हे शेतकऱ्याचे.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कराड, वाळवा, पलूस व मिरज तालुक्यांच्या नदीकाठी जी गावे पाण्याखाली नव्हती तेथीलही वीज बंद होती आणि त्यावर मोठा रोष झाला. रस्त्याबाहेर उघड्या तारांची जमिनीपासूनची किमान उंची नियमानुसार ४.६ मीटर असते. रानात तीन मीटर पाणी चढले की ती पाण्यापासून १.६ मीटरवर येते, म्हणजे होडीत बसलेल्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात. कोरड्या गावाची वाहिनी जर अशा रानातून जात असेल तर ती चालू ठेवणे बचावपथकांच्या जिवावर बेतणारे असते, आणि पाणी ओसरल्यावरही चिखल भरलेल्या मीटरपेट्या, रोहित्रे व घरांचे वायरिंग सुकवून तपासल्याशिवाय ती सुरू करता येत नाही.

वीज अपघात झाल्यास नुकसानीचा निकाल स्थानिक कार्यालयाच्या मर्जीवर असतो, असे मानून अनेक कुटुंबे तक्रारच करत नाहीत; अपघाताच्या कारणांची चौकशी मात्र कंपनीबाहेरचे, शासनाचे विद्युत निरीक्षक करतात आणि त्यांच्या अहवालाला भरपाईच्या प्रकरणात महत्त्व असते, म्हणून तार, खांब किंवा मोटर जागची न हलवता पोलीस व विद्युत निरीक्षक कार्यालयाला कळवावे. तुटलेली तार, वाकलेला खांब, उघडी डीपी किंवा ठिणग्या दिसल्यास कोणालाही खांबावर चढवू नये, माणसे व जनावरे दूर ठेवावीत आणि महावितरणच्या १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ या निःशुल्क क्रमांकांवर, दिवस असो वा रात्र, ताबडतोब कळवावे.