धुण्याचे यंत्र किती किलोचे घ्यावे?

आता खेड्यातही काही घरी कपडे धुण्याचे यंत्र आले आहे. त्यात एक पुढून दाराचे असते. दार गोल, काचेचे. आत आडवा ड्रम फिरतो. कपडे वर उचलले जातात आणि धपकन खाली पडतात. आपण धुणे दगडावर आपटतो ना, तसेच हे.

यंत्रावर आकडा असतो. ६ किलो, ७ किलो, ८ किलो. हे वजन कशाचे? यंत्राचे नव्हे. ओल्या कपड्यांचेही नव्हे. वाळलेल्या कपड्यांचे.

आम्ही हे विचारलेच नाही. "पाच माणसांना सहा किलो पुरे," दुकानदार म्हणाला. दुधाचे साठवलेले पैसे मोजले नि यंत्र घरी आणले. पण आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येते. दोन दिवसांचे धुणे साचते. ते सगळे आम्ही आत कोंबले. गुडघा लावून दार बंद केले! कपडे निघाले ते तसेच. सदऱ्याच्या कॉलरला मळ, लुगड्याच्या घडीत साबणाची पूड. आई म्हणाली, "त्यापेक्षा माझा दगड बरा."

चूक यंत्राची नव्हती. ड्रम ठासून भरला, तर कपड्यांना पडायला जागा कुठली? कपड्यांच्या वर हाताचा पंजा सहज मावला पाहिजे. मग दोन खेपा करून पाहिल्या. एका खेपेला दोन तास लागतात. दुसरी खेप अर्धी होते, तोच नळ जातो.

शेवटी आम्ही धुणे वाण्याच्या काट्यावर नेले. वाणी हसला. हसू दे! आईचे लुगडे पाऊण किलोच्या वर भरले. विजार अर्धा किलो, सदरा पाव किलो. एका दिवसाचे धुणे चार किलो, म्हणजे दोन दिवसांचे आठ. आम्हाला आठ किलोचे यंत्र हवे होते. पाणी रोज येते, त्या घरी पाच माणसांना सहा किलोचे चालते. तेव्हा माणसे मोजू नका. एका वेळचे धुणे तोला, आणि तोलायचे ते यंत्र घेण्याआधी.

आणखी एक. तो आकडा सुती कपड्यांचा आहे. टेरिकॉट, नायलॉन असले कपडे त्याच्या निम्मेच घालावेत. लोकरीचे तर त्याहून कमी.

मग सरळ मोठेच यंत्र घ्यावे का? पैसे जास्त पडतात. शिवाय मोठ्या ड्रममध्ये एकच जड चादर टाकली, तर पिळताना ती एका बाजूला गोळा होते आणि यंत्र थडथडते. तिच्याबरोबर दोन-चार लहान कपडे टाकावेत.

गोधडी मात्र यंत्रात घालू नये. ती पाणी पिऊन फार जड होते. आमची गोधडी अजून नदीवरच जाते.