लांडग्यावरून युरोपात राजकारण का तापलंय?

सप्टेंबर २०२२ मध्ये जर्मनीत लांडग्याने डॉली नावाचं तट्टू मारलं. ते होतं युरोपियन कमिशनच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांचं. पुढच्याच वर्षी कमिशनने लांडग्यांचं संरक्षण सैल करण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा टीकाकारांनी डॉलीची आठवण करून दिली.

पण वाद डॉलीपुरता नाही. शिकारीमुळे पश्चिम युरोपातून जवळपास संपलेला लांडगा कायद्याच्या संरक्षणामुळे परतला. २०२३ मध्ये युरोपियन युनियनमध्ये २० हजारांहून जास्त लांडगे होते. कमिशनच्या अहवालानुसार ते वर्षाला किमान ६५ हजार पाळीव जनावरं मारतात, त्यात बहुतेक शेळ्यामेंढ्या. एकूण मेंढ्यांच्या तुलनेत हे प्रमाण नगण्य आहे. मात्र ज्याच्या कळपात लांडगा शिरतो, त्याला टक्केवारी सांगून काय उपयोग?

मग बदललं काय? ८ मे २०२५ रोजी युरोपियन संसदेने ३७१ विरुद्ध १६२ मतांनी लांडग्याचा दर्जा ‘कडक संरक्षित’वरून ‘संरक्षित’ करायला मंजुरी दिली. म्हणजे सरसकट शिकार नाही. देशांना शिकारीचा कोटा ठरवता येईल, पण लांडग्यांची संख्या धोक्यात येता कामा नये. जुने कडक नियम ठेवायचीही मुभा आहे.

पर्यावरणवादी म्हणतात, विजेचं कुंपण आणि राखणीचे कुत्रे हाच उपाय. मेंढपाळ विचारतात, डोंगरातल्या मोकळ्या कुरणांना कुंपण घालायचं कसं? लांडगा परत यावा हे सगळ्या युरोपने ठरवलं. त्याची किंमत कोणी मोजायची, यावर भांडण आहे.