तलावाचा फिल्टर आणि आजींचा कान

सत्तरी ओलांडलेल्या एक आजी गेल्या उन्हाळ्यात कानदुखीची तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना बारा वर्षांचा मधुमेह आहे आणि दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. मी कानात घालायचे थेंब दिले. आठ दिवसांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा थेंब बदलून दिले. तिसऱ्या खेपेस त्यांच्या सूनबाई सोबत होत्या. त्यांनी सहज सांगितले, की आई रोज सकाळी बंगल्यातील तलावात अर्धा तास चालतात. गुडघ्यांसाठी पाण्यात चालण्याचा सल्ला मीच त्यांना दिला होता. मात्र ते पाणी कसे आहे, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले होते.

कानातील स्रावाच्या तपासणीत स्यूडोमोनास नावाचे जंतू आढळले. ओलसर जागी आणि निर्जंतुकीकरण अपुरे असलेल्या पाण्यात हे जंतू सुखाने वाढतात. तरुण माणसाला त्यामुळे चार दिवसांची कानदुखी होते. वृद्ध मधुमेही रुग्णांत मात्र हा संसर्ग क्वचित प्रसंगी कानामागच्या हाडापर्यंत उतरतो. आजींना वेळेवर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवता आले, म्हणून त्या कित्येक आठवड्यांच्या उपचारांनंतर बऱ्या झाल्या.

त्या काळात मी एकदा त्यांच्या घरी जाऊन तलाव पाहिला. पाणी किंचित गढूळ होते आणि क्लोरीनचा उग्र वास येत होता. ‘‘वास येतो म्हणजे औषध पुरेसे आहे,’’ असे घरातील सर्वांना वाटत होते. वस्तुस्थिती नेमकी उलट असते. घाम, मूत्र आणि अंगावरची तेले यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन्स तयार होतात. डोळे झोंबवणारा तो वास त्यांचा असतो, आणि जंतू मारण्यास मोकळे क्लोरीन अशा वेळी बहुधा कमी उरलेले असते. निरोगी तलावाला उग्र वास येत नाही.

तलावाची यंत्रणा समजून घेणे आपल्याला अवघड जाऊ नये; शरीराशी तिचे बरेच साम्य आहे. पंप हे तिचे हृदय आणि वाळूचा फिल्टर हे मूत्रपिंड. कडेचा स्किमर आणि तळाची जाळी यांतून पंप पाणी ओढतो, ते वाळूतून गाळले जाते आणि भिंतीतील तोट्यांतून तलावात परतते. फिल्टरवरील दाबमापक म्हणजे आपला रक्तदाबाचा काटा. फिल्टर नुकताच स्वच्छ केलेला असताना हा काटा कोठे उभा राहतो, ते लिहून ठेवावे. पुढील सारे निदान त्या एका आकड्यावर चालते.

परतीच्या तोट्यांतून पाणी मंद येत असेल, तर प्रथम काटा पाहावा. काटा नेहमीपेक्षा खाली असेल, तर दोष बहुधा पंपाच्या अलीकडे, म्हणजे ओढीच्या बाजूस असतो. तेथे चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात. तलावातील पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत आहे का? उन्हाळ्यात बाष्पीभवनाने ती खाली जाते आणि पंप हवा ओढू लागतो. स्किमरची टोपली पानाफुलांनी भरली आहे का? पंपाच्या पुढील जाळीची टोपली तुंबली आहे का? आणि त्या झाकणाखालील रबरी कडे सुकून चिरले आहे का? तोट्यांतून बुडबुडे येत असतील, तर कोठून तरी हवा शिरत आहे, असे समजावे. कड्याला सिलिकॉनचे वंगण लावावे. पेट्रोलियम जेलीने रबर खराब होते.

काटा नेहमीपेक्षा ८ ते १० पीएसआयने वर गेला असेल, तर दोष फिल्टरमध्ये असतो: वाळूत मळ साचला आहे. अशा वेळी पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुतात. त्याला बॅकवॉश म्हणतात. निरीक्षण काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तो चालू ठेवावा आणि त्यानंतर थोडा वेळ रिन्स करावे. वॉल्व्हचा दांडा फिरवण्यापूर्वी पंप प्रत्येक वेळी बंद केलाच पाहिजे. बोअरवेलच्या जड पाण्यामुळे वर्षानुवर्षांत वाळूचे गठ्ठे होतात. मग बॅकवॉशनेही गुण येत नाही आणि वाळू बदलावी लागते. तलावाच्या तळाशी वाळू दिसू लागली, तर फिल्टरच्या आतील नळ्या तुटल्याचा संशय घ्यावा आणि कारागिरास बोलवावे.

आजींच्या तलावात दोन्ही दोष होते. पंपाची टोपली बोगनवेलीच्या फुलांनी गच्च भरली होती आणि रबरी कडे चिरले होते. कारागिराने ते बदलताच पाण्याला जोर आला. पण त्याबरोबर काटाही चढला आणि वाळूतील मळ उघड झाला. पहिल्या दोषाने दुसरा झाकून ठेवला होता. असे अनुभव आम्हा डॉक्टरांना नवे नाहीत.

आता काळजीवाहकांसाठी काही पथ्ये सांगतो. टोपली साफ करणे किंवा झाकण उघडणे ही कामे वयस्कर व्यक्तींवर सोपवू नयेत. तेथील फरशी ओली असते आणि वीज जवळ असते. मुख्य बटण बंद केल्याशिवाय कोणीही पंपाला हात लावू नये, आणि त्या जोडणीला गळतीरोधक स्विच असावाच. ब्लीचिंग पावडर व आम्ल कधीही एकत्र करू नये, एका खोक्यात शेजारी ठेवूही नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. तळाची जाळी तुटलेली असेल, तर ती बदलेपर्यंत तलाव बंद ठेवावा. एकाच छिद्रातून पंपाची सारी ओढ असली, की केस किंवा अंग तेथे अडकून माणूस वर येऊ शकत नाही. अमेरिकेत यासाठी २००७ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

पाण्यात उतरण्यापूर्वी काठावरून तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. साध्या चाचणी-पट्टीने मोकळे क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असल्याची खात्री करावी. यांपैकी काहीही चुकले, तर त्या दिवशी अंगणात फेऱ्या माराव्यात. पायाला जखम असलेल्या मधुमेही व्यक्तीने आणि जुलाब होत असलेल्या कोणाही व्यक्तीने पाण्यात उतरू नये. बाहेर आल्यावर साध्या पाण्याने स्नान करावे, कान मऊ पंचाने बाहेरून टिपावे; काडी घालू नये. कान रात्री झोपू देत नसेल, स्राव थांबत नसेल किंवा चेहऱ्याची एक बाजू सैल वाटत असेल, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आजी आता पुन्हा रोज पाण्यात चालतात. त्यांच्या सूनबाईंनी पंपघराच्या भिंतीवर एक वही टांगली आहे. तीत तारीख, काट्याचा आकडा आणि क्लोरीन अशा तीन रकान्यांत रोज नोंद होते. साखर आणि रक्तदाबाच्या वहीबरोबर ती वहीही त्या दर महिन्याला माझ्याकडे आणतात आणि मी दोन्ही तितक्याच लक्षपूर्वक वाचतो.